शिट्टी थांबली तेव्हा

पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं सहायक आहे. माझ्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं. ते कशानं पडलं, कळायला साडेतीन वर्षं का लागली, आणि कळल्यावरही मी अकरा दिवस गप्प बसले त्यात दुसऱ्या एका माणसाचं काय होऊ शकलं असतं, एवढंच सांगायचं आहे. कोणी धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या शेडमध्ये काम करत असेल, कोणी माझ्यासारखं काचसामान धूत असेल, त्यांनी जरूर वाचावं. मला सहानुभूती नको आहे. वाचून झाल्यावर त्यांनी डॉक्टरकडून एकदा नाक तपासून घेतलं तर पुरे.

सर्दीच ती

घोळणा पहिल्यांदा फुटला तो एप्रिलमध्ये, प्रात्यक्षिक परीक्षेच्या चौथ्या दिवशी. परीक्षकांच्या चहाच्या ट्रेमध्ये रक्ताचे दोन थेंब पडले. उन्हाळा आहे, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही तेच म्हटलं. डोक्यावर पाणी मारलं, नाकात कापूस घातला आणि पुढची बॅच आत घेतली.

मग ते होतच राहिलं. सकाळी नाक शिंकरलं की खपल्या यायच्या, त्यांच्या खाली ओलं लाल. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, धूळ. तेव्हा वारज्यात आमच्या सोसायटीच्या तिन्ही बाजूंना इमारती उठत होत्या आणि मी रोज स्कूटीवरून कर्वे रस्त्याने जात होते. धूळ हे कारण कुणालाही पटलं असतं. त्यांनी थेंब दिले. मी स्कार्फ बांधायला लागले, पुण्यातल्या मुली बांधतात तसा, डोळे सोडून सगळं गुंडाळून. कॉलेजात पोचले की तो सोडायचा, घडी घालून खणात ठेवायचा आणि कामाला लागायचं. जिथे बांधायला हवा होता, नेमकी तिथेच काढून ठेवत होते.

हातांचंही तसंच. बोटांच्या सांध्यांवर बारीक, गोल खड्डे पडायचे, पंचिंग मशीनने पाडावेत तसे. कडा टणक. दुखत मात्र नसत, म्हणून लक्ष दिलं नाही. मनगटावर घड्याळाच्या चामडी पट्ट्याखाली खाज सुटायची. भांड्यांचा साबण बदलला, घड्याळ पर्समध्ये टाकलं, संपलं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर नाक वाजायला लागलं. हे मला कळलं ते बबनरावांमुळे.

बबनराव आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. मूळचे हिंजवडीचे. भाताची खाचरं होती, ती कंपन्यांच्या जागेत गेली. दारात जीप आली, घरावर मजले चढले, तरी हा माणूस रोज सकाळी मोटारसायकलवरून पुण्यात यायचा. "समदी दुन्या हिंजवडीला चाललीय बसमदी बसून," ते म्हणायचे, "आन् मी येकलाच उलटा." नोकरी सोडत का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "घरी बसून काय करू? खिडकी उघडली का समोर काचंच्या बिल्डिंगी. खाली माझं खाचर हाय, ह्ये मलाच ठावं."

त्या दिवशी मी रसायनांची वजनं करत होते. खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"बाई, कुकर लावलाय का कुटं?"

"प्रयोगशाळेत कुकर कशाला लावीन मी?"

"मंग तुमचं नाक शिट्टी मारतंय."

श्वास घेतला की बारीक, उंच आवाज. मी श्वास रोखून धरला, तो थांबला. सोडला, पुन्हा आला. पुढे प्रात्यक्षिकाला पोरं हसू लागली, तेव्हा मी तोंडाने श्वास घ्यायची सवय लावून घेतली. घरी माझे यजमान सुधीर बँकेतून निवृत्ती घेऊन बसले होते आणि त्यांना दिवसभर शांतता लागायची. "अहो, तुमची गाडी फलाटावरून हलणार कधी?" असं ते मला विचारत. हसण्यावारी जात होतं.

पुढच्या वर्षी गणपतीत शिट्टी आपोआप थांबली. मला फार बरं वाटलं. एक कटकट मिटली म्हणून मी बबनरावांना चहा पाजला.

माझी ब्युरेट

आमच्यात काच स्वच्छ आहे का हे बघायची रीत साधी आहे. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली लांब काचेची नळी, पाण्याने भरायची आणि रिकामी करायची. आत थेंब चिकटून राहिले तर काच तेलकट. पाणी सलग पडद्यासारखं खाली उतरलं तर स्वच्छ. माझ्या ब्युरेटमध्ये थेंब राहत नसे. दुसऱ्या कॉलेजांतले परीक्षक येऊन तेवढं बघून जात आणि आपल्या सहायकांना जाऊन सांगत. याचा मला अभिमान होता, आणि अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

हे सगळं क्रोमिक ॲसिडमुळे. पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे असतात, खडीसाखरेइतके देखणे. ते जहाल ॲसिडात घातले की गडद तांबडं द्रावण होतं आणि काचेवरचा कसलाही मळ ते खाऊन टाकतं. नारिंगीची झाक आहे तोवर जोर आहे, हिरवं पडलं की संपलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हे शिकवतो. जे काचेवरचा मळ खातं ते नाकातलं कातडंही खाईल, हे शिकवायला वेगळी पदवी लागत नाही. तरी ते माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

खडे लवकर विरघळत नसत, म्हणून मी ते खलात कुटायचे. बारीक नारिंगी धूळ उडायची. परीक्षेआधी द्रावण गरम करून घ्यायचे, कारण गरम द्रावण झपाट्याने काम करतं. धुण्याच्या खोलीतल्या एक्झॉस्ट पंख्यात कबुतरांनी घरटं केलं होतं, त्यावर बबनरावांनी पुठ्ठा ठोकला होता. मीच ठोकायला सांगितला होता. आणि द्रावणातून चिमट्याने काढलेली काच ज्या टबातल्या पाण्यात पहिल्यांदा विसळायची, त्यात आम्ही दोघं उघडे हात घालायचो, नळाखाली धरायचो, आणि त्याच हाताने घाम पुसायचो, नाक पुसायचो.

हातमोजे नव्हते का? होते. मास्क होते, डोळ्यांचे चष्मे होते. दर्शनी काचेच्या कपाटात, कंपनीच्या पाकिटांत, सील न फोडता मांडून ठेवलेले. वर पाटी होती, 'सुरक्षा साहित्य'. तपासणी समिती आली की आधी त्या कपाटापुढे उभी राहते. एक पाकीट फोडलं तर पुढच्या वेळी ते कुठून आणायचं, खरेदीचा अर्ज, तीन दरपत्रकं, सही. आमच्याकडे कुठल्याही कॉलेजात जा, असं एक कपाट असतं आणि त्याला कुलूप असतं.

किल्ली माझ्याकडे होती. एकदा बबनरावांनी मोजे मागितले होते. मी म्हटलं, "ओल्या रबरातून काच निसटते. फुटली तर कोण भरणार?" त्यांनी परत मागितले नाहीत.

शिट्टीचं स्पष्टीकरण

दिवाळीच्या फराळाच्या वेळी भांडं जळलं, धूर स्वयंपाकघरभर झाला आणि मी शेजारी उभी असून मला वास आला नाही. सुधीर आतून धावत आले. गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नाकाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला न विचारता. एरवी मी चिडले असते.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दिवा लावला, चिमटा घातला, आणि एक नाकपुडी सोडून दुसरीत बघितलं, पुन्हा पहिलीत.

"तपकीर ओढता?"

"नाही."

"आधी नाकाचं ऑपरेशन? मार लागला होता?"

"नाही."

"क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात आहात?"

"कॉलेजात आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत."

त्या मागे सरकल्या आणि माझे हात बघायला मागितले. मी टेबलावर ठेवले. सांध्यांवरच्या खड्ड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मधल्या पडद्याला भोक आहे. इकडून दिवा लावला की तिकडे उजेड दिसतो. प्लेटिंगवाल्यांमध्ये असं नाक बघितलंय मी. प्राध्यापकांमध्ये पहिल्यांदाच."

"मी प्राध्यापक नाही, सहायक आहे," मी म्हटलं. अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मग मी सांगितलं की मध्ये वर्षभर शिट्टी वाजत होती, पण गणपतीत ती बरी झाली.

"बरी नाही झाली," त्या म्हणाल्या. "भोक लहान असतं तेव्हा हवा त्यातून शिट्टी मारत जाते. मोठं झालं की आवाज थांबतो."

त्या क्षणी मला बबनरावांना पाजलेला चहा आठवला.

भोकाची कड त्यांना आवडली नव्हती. एका बाजूला जाड, दाणेदार वाढ होती. तुकडा काढून तपासायला हवा. मी विचारलं, कॅन्सर का? त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "क्रोमचं नाव घेतलं की तो प्रश्न विचारावाच लागतो. बहुतेक नसेल. पण बहुतेकवर मी थांबत नाही." मला ते आवडलं. गोड बोलणारी डॉक्टर असती तर मी दुसरीकडे गेले असते.

उठताना त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर तिथे आणखी कोण काम करतं?"

"एक परिचर आहेत."

"किती वर्षं?"

"माझ्याइतकीच."

"त्यांनाही घेऊन या. लवकर."

मी हो म्हटलं.

घरातले कागद

आमचा मुलगा निखिल हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला सांगायचं नव्हतं, पण सुधीरनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून इंटरनेटवरचे कागद छापून घेऊन आला, जाडजूड गठ्ठा.

"आई, तू कुठल्या काळात राहतेस? आमच्याकडे खुर्ची जरा खाली-वर झाली तर माणूस येऊन पाठीची मापं घेतो. आणि तुम्ही लोक हाताने ॲसिड ढवळताय."

"ढवळायला काचेची कांडी असते."

"आई, प्लीज."

"तुला विचारलं कुणी?"

"राजीनामा दे. उद्या. आणि कॉलेजवर केस कर."

"कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. केस कुणावर करू?"

त्याला कपाटाचं काही माहीत नव्हतं. मला ते सांगायचंही नव्हतं, तोंडातून निघून गेलं. मग त्याने गठ्ठ्यातलं एक पान काढून वाचायला घेतलं, फुप्फुसांबद्दल होतं काहीतरी, आणि सुधीर पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. सगळे कागद उचलून त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यात घातले. स्वतः बाल्कनीत जाऊन सिगरेट पेटवली आणि तिथूनच म्हणाले, "सिगरेट तीस वर्षं मी ओढतोय, आणि भोक हिच्या नाकाला." ती त्यांनी अर्धीच विझवली. पुढची दुसऱ्या दिवशी पेटवली. मी हे कुणाला हिरो करायला लिहीत नाही.

हॉस्पिटल

तुकडा काढायला तीन दिवस दाखल झाले. नाकात पट्ट्या ठासून भरल्या होत्या, वर मिशीसारखी एक पट्टी बांधलेली. तोंडाने श्वास, त्यामुळे जीभ सुकून लाकूड होते. बोलता येत नाही, जेवण गिळलं की कानात दडे बसतात. ज्यांचं हे व्हायचं आहे त्यांना एक सांगते: ओठांना तूप लावा आणि ओला रुमाल उशाशी ठेवा. बाकी सहन होतं.

सहन होत नाही ते पडून राहणं. मला आयुष्यात कधी दुपारी झोप लागलेली नाही. मी खण आवरला. शेजारच्या रिकाम्या कॉटचाही आवरला. सलाइनची दांडी हातात धरून कॉरिडॉरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, एका जागी बसा नाहीतर फडकं पायाला बांधते, तेवढीच फरशी पुसून होईल." मी बसले. पाच मिनिटांनी उठले. मावशींनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्या तीन दिवसांत माझ्याशी सगळ्यात बरं कोण वागलं असेल तर त्या.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. ते कसं वाटतं ते लिहिणार नाही, एक मिनिटात संपतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, रिपोर्टला आठवडा लागेल. परिचरांना कधी आणताय?

"आणते," मी म्हटलं. मनात ठरवलं होतं, आधी माझा रिपोर्ट येऊ दे. वाईट आला तर सगळंच सांगायचं आहे, चांगला आला तर त्यांना उगाच घाबरवायला नको. हा विचार मला तेव्हा शहाणपणाचा वाटला होता. तो सरळ भित्रेपणा होता. त्यांना सांगायचं म्हणजे किल्लीचंही सांगावं लागणार होतं.

अकरा दिवस

घरी आले तर आणखी वाईट. तीन वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, मलम लावायचं, जोरात शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. उरलेल्या वेळाचं काय करू? माळ्यावरचं सामान काढलं. पुन्हा लावलं. एका दुपारी सुधीर झोपले असताना स्कूटी काढली आणि स्वारगेटपर्यंत जाऊन आले. काही काम नव्हतं. बसगाड्यांच्या गर्दीत सिग्नलला उभी राहिले आणि सुटला की वळून परत. घरी आल्यावर सुधीरनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, औषध आणायला. हातात काही नव्हतं. त्यांनी स्कूटीची किल्ली आपल्या खिशात टाकली.

आठव्या दिवशी बबनराव भेटायला आले. कॉलेजात मी फक्त नाकाचं ऑपरेशन असं सांगितलं होतं. पाच किलो आंबेमोहराची पिशवी त्यांनी सोफ्याशेजारी ठेवली.

"घरचा नाय हां," ते म्हणाले. "इकतचा हाय. पल्याडच्या गावातनं आनला. पेज करून प्या, आजाऱ्याला बरी."

सुधीरनी पिशवी उघडून हुंगली आणि वा म्हणाले. मीही हुंगली. मला काही आलं नाही.

बबनराव चहा बशीत ओतून पीत होते. उजव्या हाताचा सांधा माझ्या समोर होता. गोल खड्डा, टणक कड. शेजारच्या बोटाला दुसरा. हे खड्डे मी वर्षानुवर्षं बघत होते. एकदा हळद लावा म्हणून सांगितलंही होतं. तेव्हा ते म्हणाले होते, शेतकाम हाय, बाई, चालायचंच.

"किल्ली लागंल का कशाची?" जाताना त्यांनी विचारलं. "खणाची वगैरे. तुमी न्हाई तर अडतंय."

मी खणाची किल्ली दिली. कपाटाची त्याच जुडग्यात होती, ती काढून घेतली. हे मी सुधीरनाही आत्ताच, हे वाचतील तेव्हा, सांगते आहे.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. जुनी जखम, सूज, बस. सुधीर डॉक्टरांच्या खोलीतल्या खुर्चीत बसून रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मला हायसं वाटलं, आणि लगेच पुढची गोष्ट समोर उभी राहिली. आता थांबायला कारण उरलं नव्हतं.

हात दाखवा

दुसऱ्या दिवशी रजा संपलेली नसताना मी कॉलेजात गेले. बबनराव धुण्याच्या खोलीत होते. विसळायचा टब भरलेला, बाह्या वर, दोन्ही हात कोपरापर्यंत आत.

"बाहेर या. हात धुवा आणि मला दाखवा."

"काय झालं, बाई? डाग ऱ्हायलाय का कुटं?"

"हात दाखवा."

त्यांनी दाखवले. मी माझे शेजारी धरले. खड्डे जागच्या जागी सारखे, दोन बहिणींच्या बांगड्यांसारखे. मग मी सगळं सांगितलं. भोक, तुकडा, नारिंगी खडे, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, आणि हे मला बारा दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं.

"माजं शेतकामाचं हाय हो," ते म्हणाले. "हात आमचे असलेच." मग हाताकडे बघत उभे राहिले. नळ टिपकत होता. "शेत इकून तर सा वर्सं झाली."

"पर माजं नाक कदी वाजलं नाय, बाई. येकदाबी नाय."

न वाजण्याचे दोन अर्थ होतात, हे त्यांना मी सांगितलं. त्यांनी बाह्या खाली घेतल्या, बटणं लावली.

"आन् त्ये कपाटातले मोजे? मी मागितलेले."

"किल्ली माझ्याकडेच होती."

"ठावं हाय. मंग उगडा आता."

उघडलं. वरचं पाकीट मी फोडलं. हातमोजे एकमेकांना चिकटून त्यांचा एक गठ्ठा झाला होता, डिंकाचा गोळा व्हावा तसा. बोट घालून सुटा करायला गेले तर रबर फाटलं. दुसरं पाकीट तसंच. तिसरं तसंच. इतकी वर्षं काचेतून ते नवेकोरे दिसत होते.

बबनरावांनी एक तुकडा उचलून बोटांत चुरगाळला. "मला वाटलं, चांगली वस्तू हाय म्हून जपता," एवढं म्हणाले, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. त्यांना नोकरीची गरज नव्हती, ते मला माहीत होतं. फोन केला की सून सांगायची, बाहेर गेलेत. त्या दोन दिवसांत मी तुकडा काढायच्या वेळी मारल्या होत्या त्यापेक्षा जास्त फेऱ्या मारल्या. तुकडा माझा होता, तिथे काय झालं असतं ते माझं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कॉलेजच्या फाटकापाशी उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. "चला," म्हणाले. "नाक दाखवून टाकू. गाडी तुमची घ्या, माज्या गाडीवर पडला बिडला तर पुन्यांदा तुमचंच नाक."

डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं. मी भिंतीवरचं नाकाचं चित्र पाठ केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "पडदा शाबूत आहे. डावीकडे जखम आहे, खोल आहे, पण आरपार नाही. आणखी एक परीक्षेचा मोसम गेला असता तर आरपार गेली असती." मग माझ्याकडे बघून, "वेळेत आणलंत."

बबनरावांनी हे ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बारा दिसाचं ह्यांना सांगितलं न्हाई वाटतं." डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. बाहेर आल्यावर त्यांनीच चहाचं विचारलं. त्यानंतर त्या बारा दिवसांचा विषय त्यांनी परत काढलेला नाही. त्यांनी माफ केलं असं मी म्हणत नाही, मी विचारलेलं नाही.

आता

माझं भोक मिटलेलं नाही. त्यात सिलिकॉनचं बटण बसवलं आहे, दोन्ही बाजूंना चकती आणि मध्ये देठ. रोज मिठाचं पाणी, मलम, वर्षातून एकदा छातीचा फोटो. चामडी पट्टे, ओलं सिमेंट यांच्यापासून लांब राहायचं, कारण त्यांतही थोडं क्रोम असतं आणि माझी कातडी आता ते ओळखते. बबनरावांची जखम चार महिन्यांत भरली.

बटण बसवल्यावर महिनाभराने एका सकाळी सुधीरनी त्या आंबेमोहराचा भात लावला. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. नाकात काहीतरी ओळखीचं आलं, ते काय आहे हे समजायला थोडा वेळ लागला. आत जाऊन मी कुकरच्या शिट्टीपाशी उभी राहिले. सुधीर म्हणाले, "काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही.

क्रोमिक ॲसिड आम्ही बंद केलं. खडे कुलपात आहेत, प्रयोगाला लागतील तेवढेच निघतात, कुटले जात नाहीत. काच साबणाच्या द्रावणात भिजत घालतो. वेळ लागतो. पंख्यावरचा पुठ्ठा काढला, कबुतरं दोन दिवस भांडली आणि गेली. प्राचार्यांना लेखी दिलं, तर म्हणाले, "बाई, समिती तोंडावर आलीय. आत्ता हा विषय कशाला? कपाट आधी भरून ठेवा." नवे मोजे आले. मी ते कपाटात ठेवले नाहीत.

समिती आली. कपाटापुढे उभी राहिली. कपाट रिकामं, कुलूप नाही. सदस्यांपैकी एकाने पाटी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, सुरक्षा साहित्य कुठे आहे?"

धुण्याच्या खोलीतून बबनराव बाहेर आले. पिवळे मोजे कोपरापर्यंत, एकावर साबणाचा फेस, बोटांच्या टोकांवरून पाणी गळत होतं. काय झालं ते बघायला आले होते.

"ते काय," मी म्हटलं.

सदस्यांनी बबनरावांच्या हातांकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग कागदावर काहीतरी लिहिलं. अहवाल महिन्याभराने आला. आमच्या रकान्यात लिहिलं आहे, सुरक्षा साहित्य कपाटात आढळले नाही. मी त्याची झेरॉक्स काढून कपाटाच्या काचेवर आतून चिकटवली आहे.